प्रशिक्षकाचा हात
तंजावूरच्या राजवाड्यात दुसऱ्या सरफोजीराजांनी नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे करवून ठेवली. त्यांचे गुरू, मिशनरी श्वार्ट्‌झ, १७९८ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. देवनागरी छापखाना, धन्वंतरी महाल, ती टिपणे, सारे गुरूच्या पश्चात.

जागतिक रोबोट ऑलिंपियाडचा नियमही हेच अंतर मागतो. (तिथे गुरूला मृत्यूने दूर ठेवले, इथे नियम ठेवतो, एवढाच फरक.) यंत्रमानवाची जुळणी व प्रोग्रामिंग मुलांनीच करायचे, स्पर्धा चालू असता प्रशिक्षकाने संघाच्या जागेत शिरायचे नाही. आधी शिकवण्यास मुभा आहेच. पण शाळेची ढाल आणि पालकांची फी पणाला लागली, की आदल्या रात्री प्रोग्राम सरच लिहितात. दुसऱ्या दिवशी सेन्सर काळी रेघ चुकतो, आणि बारा वर्षांचे पोर कुंपणापलीकडच्या सरांच्या तोंडाकडे पाहत राहते.