बघाय जायचं, पाया पडाय न्हाय

'सहल' हा शब्द आमच्या घरात नव्हता. आम्ही हिंडलो ते एकतर पोटासाठी, नाहीतर बाबासाहेबांसाठी. ऊसतोडीला गेलो, बांधकामावर गेलो. नाहीतर सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. नुसतं बघायचं म्हणून घरातलं कुणी एस.टी.त बसलं नव्हतं. आईनं पन्नाशी ओलांडली. तिनं समुद्र पाहिला तो दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत, माणसांच्या डोक्यांवरून. पाण्याला हात लावायला काही मिळालं नाही.

मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. यंदा बोनस हातात पडला तेव्हा ठरवलं, रत्नागिरी. आई, बायको, पोरगी, धाकटा भाऊ नि मी. शनिवारी रात्री कोल्हापूरची एस.टी., आंबा घाट उतरून पहाटे रत्नागिरी. रविवारी दिवसभर हिंडायचं, रात्री परत, सोमवारी पाळीवर.

पहिला धडा स्टँडच्या बाहेरच मिळाला. पोरगीला जरा आडवं करायला, आंघोळी उरकायला दोन तास खोली पाहिजे होती. 'घरगुती राहण्याची सोय' अशी पाटी दिसली. मालक गोड बोलला. कुठले, किती माणसं, गरम पाणी लागेल का, सगळं विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं वही चाळली नि म्हणाला, "आज सगळं फुल्ल आहे हो." वहीचं पान कोरं होतं. उलट्या बाजूनंही दिसत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं दंड धरला. "अवो, आजचा दिस ह्याला द्यायचा का समुद्राला?" स्टँडवर पैसे भरून तोंडं धुतली. चहा घेतला. रिक्षात पाच जण कोंबून निघालो.

रिक्षावाल्यानं पॉइंट मोजून सांगितले. पहिला थिबा राजवाडा. लाल विटांचा, उतरत्या छपरांचा, अर्धगोल नक्षीदार खिडक्यांचा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं. निमित्त काय, तर मुंबईच्या 'बॉम्बे बर्मा' ह्या इंग्रजी कंपनीला सागवानाच्या भानगडीत त्यानं दंड ठोकला. १८८६ साली राजाला इथं आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१० ला, नि १९१६ ला राजा मेला. तीस वर्षं कैद, पण आपला देश पुन्हा दिसला नाही.

आई म्हणाली, "एवढा वाडा नि ह्यो कैदखाना व्हय?"

मी तिला सांगितलं, हा राजा बौद्ध होता. ह्याच्या बापानं, मिंडोन राजानं, मंडालेला ७२९ संगमरवरी शिळांवर त्रिपिटक कोरून घेतलं. १८७१ साली धम्मसंगीती भरवली. आपले बाबासाहेब १९५४ साली रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले ते ह्याच देशात. नि १९५६ ला नागपुरात ज्यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थवीर, ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. आई थांबून ऐकत राहिली. सागवानाचं नि राजाराणीचं रिक्षावाल्यालाही पाठ होतं. धम्माचं ह्या गावात कोण सांगणार?

पण दोस्तांनो, बौद्ध म्हटला म्हणून राजाला डोक्यावर घेऊन नाचायचं नाही. हा गादीवर आला तेव्हा त्याच्या दरबारानं गादीला आडवे येतील म्हणून त्याच्याच भाऊबंदांची कत्तल केली. ज्या सिद्धार्थानं राजवाडा सोडला, त्याचं नाव घेऊन ही माणसं राजवाड्यात रक्त सांडत होती. हेही आईला सांगितलं. ती म्हणाली, "राजं सगळीकडलं सारखंच."

तिथनं थिबाच्या समाधीवर गेलो. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्रपती इथं येऊन गेले. राजाला शंभर वर्षांनी का होईना, आपला माणूस भेटला. पण मला आठवत होती त्याची नात. थोरल्या राजकन्येला राजवाड्यावरच्या दरवानापासून झालेली. ती मराठीच बोलली, रत्नागिरीतच गरिबीत जगली, २००० साली वारली. आई म्हणाली, "मग राजवाड्याचं ऱ्हाऊ दे. त्या लेकीचं घर कुठं हुतं ते इचार." रिक्षावाल्याच्या पॉइंटांत ते घर नव्हतं.

पुढं टिळक आळी. लोकमान्य टिळक इथं जन्मले, १८५६ ला. गंमत बघा. १९०८ ते १९१४ रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात नि मंडालेचा राजा रत्नागिरीत. इंग्रजांनी माणसांची अदलाबदल केली. टिळकांचा तुरुंगवास खरा, त्याला नाव ठेवायचं नाही. पण आम्ही कोल्हापूरकडची माणसं. वेदोक्ताच्या वादात टिळक शाहू महाराजांच्या विरोधात उभे राहिले, हे आम्ही विसरत नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं छापली नाही, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. भाऊ पाटी वाचत होता. त्याला म्हटलं, वाच, सगळी वाच. आणि पाटीवर नाही तेही डोक्यात ठेव.

मग पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळातलं, १९३१ चं. पैसा घातला भागोजीशेठ कीरांनी. भंडारी समाजातला, गरिबीतून वर आलेला माणूस. सगळ्या जातींना खुलं देऊळ. त्या काळात, त्या गावात, ही साधी गोष्ट नव्हती. ते कबूल करू. पण 'पतित' कोण? आम्ही पडलो नव्हतो, आम्हाला पाडलं होतं. पाडणाऱ्याला शुद्ध करायचं सोडून, पडलेल्याला पावन करायची ही कसली तऱ्हा? १९३० साली काळारामाच्या दारात आपली माणसं उभी होती ती पावन व्हायला नव्हे, हक्क मागायला. नि १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी तो दरवाजाच सोडून दिला.

मी बाहेरच थांबायचं म्हणत होतो. पोरगीनं विचारलं, "आजी, आत न्हाय जायाचं?" आईच्या बापानं धम्म घेतल्यावर देव्हारा पंचगंगेत सोडला होता. मला वाटलं, ती पण नको म्हणेल. ती पदर सावरून उठली. "जायचं की. बघाय जायचं, पाया पडाय न्हाय." सरळ आत गेली. खांब बघितले, छत बघितलं, गार फरशीवर जरा टेकली. हात जोडले नाहीत. कुणाशी वाद घातला नाही. बाहेर येऊन म्हणाली, "बांधकाम चांगलंय." गवंड्याच्या हाताखाली तिनं सात वर्षं पाट्या उचलल्यात. तिला बांधकाम कळतं.

रत्नदुर्गावर चढलो. तिन्ही बाजूंनी समुद्र, खाली मिरकरवाडा बंदर. खाली उतरून बंदरावर गेलो. हा काही पॉइंट नव्हता, मीच रिक्षा थांबवायला लावली. टोपल्या, बर्फ, मासळी निवडणाऱ्या बाया, जाळी शिवणारे हात. बोटींवर खलाशी नेपाळचे. ज्या देशाला समुद्र नाही तिथली पोरं इथं समुद्रावर राबायला येतात. एकाला विचारलं, घरी कधी जातोस? म्हणाला, जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा. आमच्या गिरणीत बिहार-ओरिसाची पोरं असंच सांगतात. बायको म्हणाली, "आज बघितल्यात ही पयलीच माणसं आपल्या ओळखीची."

संध्याकाळी भाट्याचा किनारा. आई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात गेली. पोरगी तिचा हात धरून किंचाळत होती. आईनं ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं, नि पोटभर हसली. कुणी आडनाव विचारलं नाही.

तर सांगायचं ते हे. आपण मोर्चे काढतो, शिबिरं घेतो, ते घेतलंच पाहिजे. पण आपल्या बापजाद्यांना रस्त्यानं चालायचीही बंदी होती. म्हणून तिकीट काढून, मान वर करून, बायकापोरांसकट गाव बघत हिंडणं, हाही आपला हक्क आहे. तो चैन म्हणून टाकून देऊ नका. फक्त डोळे आपले ठेवा. हे कुणी बांधलं, आत कुणाला घेतलं, काय म्हणून घेतलं, एवढं विचारा.

ह्याच रत्नागिरी जिल्ह्यात दापोली आहे, जिथं सुभेदार रामजी पेन्शनीवर येऊन राहिले. मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव. पुढच्या बोनसला तिकडं जायचं ठरलंय. आईनं पिशवी आत्ताच धुऊन वाळत घातलीय.