ऐकणाऱ्याची वही

आमच्या घरच्या माळ्यावर पत्र्याच्या एका डब्यात बावीस कॅसेटी पडून होत्या. त्या वाजवणारा टेपरेकॉर्डर पुलगावातच, दोन गल्ल्या सोडून, माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी होता. घराची वाटणी झाली त्या वेळी डबा माझ्याकडे आला आणि यंत्र दादांकडे गेले. घाईत तसे घडले. कोणी मुद्दाम केले नव्हते. परंतु पुढची पंधरा वर्षे त्या कॅसेटी मला ऐकता आल्या नाहीत आणि दादांजवळ त्या यंत्रात लावायला काही उरले नाही.

कॅसेटी गाण्यांच्या नव्हत्या, व्याख्यानांच्या होत्या. वडिलांचे कापडाचे दुकान होते. सूर्यास्तापूर्वी आळीपाळीने घरी येऊन जेवण उरकायचे, पुन्हा दुकानी जायचे आणि रात्री दुकान वाढवून आलो की ओसरीवर टेप लावायचा, असा काही वर्षे आमचा परिपाठ होता. वणीच्या महाविद्यालयाचे प्राचार्य राम शेवाळकर ज्ञानेश्वरांवर बोलू लागले, की रस्त्याने जाणारा शेजारीही पायरीवर टेकत असे. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले विवेकानंदांवर बोलत, तेव्हा संथ वाहणाऱ्या नदीकाठी बसल्यासारखे वाटे. काही कॅसेटी दादांनी गावातल्या व्याख्यानांना पुढच्या रांगेत बसून स्वतः भरल्या होत्या.

वडिलांचा एकच दंडक होता. कॅसेटची एक बाजू संपली की ती उलटण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी आपण काय ऐकले ते चार वाक्यांत सांगायचे. सांगता आले नाही, तर तीच बाजू पुन्हा लावायची. आम्हा भावंडांना तो जाच वाटे.

पुढे मी एम.कॉम. होऊन बँकेत लागलो. शिक्षणाचा खर्च दादांनी दुकान सांभाळून केला, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण वडिलांच्या पश्चात वाटणीच्या वेळी मी त्याच दादांकडे दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब लेखी मागितले. बँकेतल्या सवयीने मागितले, असे मी स्वतःला बजावत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वह्यांचे गाठोडे घेऊन आले, ते दारात ठेवले आणि उंबरठा न ओलांडता परत गेले. त्या वह्यांत एका पैचीही चूक नव्हती. मी त्या परत पाठवल्या; मात्र स्वतः घेऊन गेलो नाही.

निवृत्तीनंतर मोबाइलवर व्याख्यानांचे भांडारच उघडले. लेखक, विचारवंत, शास्त्रज्ञ, मुनिवर्य, कोणाचेही भाषण हवे तेव्हा ऐकता येते. मी दिवसाला तीन-तीन तास ऐकू लागलो. आवडलेले भाषण कुटुंबाच्या गटावर पाठवणे हा नित्यक्रम झाला. एका संवत्सरीच्या आदल्या दिवशी क्षमा या विषयावरचे एक सुंदर भाषण मी सर्वांना पाठवले. त्या गटात दादाही आहेत. सौभाग्यवतींनी विचारले, "हे तुम्ही कोणासाठी पाठवले?" मी म्हणालो, "सगळ्यांसाठी." त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणासाठीच नाही." आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

ते वाक्य मनात सलत राहिले. त्याच सुमारास विनोबांची 'गीता प्रवचने' पुन्हा हाती घेतली. विनोबा आपल्या जिल्ह्याचे; पवनारचे. सर्व जैन पंथांना मान्य होईल असा 'समणसुत्तं' हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर ते सहबंदींसमोर बोलले. अठरा रविवार, अठरा प्रवचने. ऐकणाऱ्यांत वर्ध्याचे सेठ जमनालाल बजाज होते आणि साने गुरुजीही होते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र तेथे कोठून असणार? साने गुरुजी बोलण्याच्या वेगाबरोबर लिहीत गेले. आज देशातल्या बहुतेक प्रमुख भाषांत जे पुस्तक वाचले जाते, ते एका ऐकणाऱ्याच्या हातामुळे उरले. विनोबा बोलले हे खरेच. पण साने गुरुजींनी ऐकले नसते तर ते बोलणे तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात श्याम रोज रात्री सांगतो आणि आश्रमातले मित्र ऐकतात. ज्याला असे ऐकता आले, त्याला पुढे असे सांगताही आले.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भाचेच. संत गाडगेबाबांचे नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, २० डिसेंबरला, बाबा गेले. ते मुद्रण ऐकताना मला प्रथमच जाणवले, की बाबा एकटे बोलतच नाहीत. ते विचारतात आणि समोरचा समुदाय एका आवाजात उत्तर देतो. पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे समोरच्यांकडून होकार वसूल करीतच पुढे जाते. मोबाइलवर ऐकताना आपल्याकडून होकार कोण वसूल करणार?

'श्रावक' या शब्दाचा अर्थच मुळी ऐकणारा. भगवंतांची वाणी कित्येक शतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात आणि तेथून स्मृतीत अशी चालत आली. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. दिगंबर परंपरेत धरसेनाचार्यांकडून ऐकलेले ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली यांनी 'षट्खंडागमा'त ग्रथित केले आणि त्याची आठवण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते. कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी आणि तीच आपली लाभपंचमीही. ज्या दिवशी ज्ञानाची पूजा, त्याच मुहूर्तावर कित्येक पेढ्यांवर नव्या वहीत व्यवहार सुरू होतो. दोन्हींचे साधन एकच, वही.

तेव्हा मीही एक वही केली. डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे'. दिवसाला एकच भाषण ऐकायचे. त्यातून जे मिळाले ते जमेच्या बाजूला चार वाक्यांत लिहायचे आणि ते ऐकल्यामुळे माझ्याकडून काय देणे झाले ते नावे टाकायचे. जमेची बाजू भराभर भरत गेली. नावेची बाजू लिहिताना लेखणी अडखळे. सव्वा महिन्यानंतर वही चाळताना दिसले, की अपरिग्रह असो, कुटुंबसंस्था असो की वृद्धत्व, विषय कोणताही असला तरी उजवीकडे एकच नोंद चार वेळा आली होती: 'दादा.' बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की ते खाते आम्ही अनुत्पादित ठरवीत असू. माझे हे खाते पंधरा वर्षे थकलेले होते आणि मी त्यावर व्याख्यानांचे व्याज चढवीत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा डबा काढला आणि दादांकडे गेलो. वहिनींनी दार उघडले. काही न विचारता पाणी आणले. दादा आता अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. डब्याकडे पाहून म्हणाले, "टेपचा पट्टा गेला आहे. बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडे मिळेल." एवढेच. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, की पट्टा बसवला.

पहिली कॅसेट लागली ती दादांनीच गावात भरलेली. वक्ते बाहेरगावचे प्राध्यापक होते. विषय 'शिक्षण आणि समाज.' फीत मधूनमधून घरघरत होती. व्याख्यान संपले, टाळ्या झाल्या आणि पाठोपाठ एक आवाज आला. दादा सावरून बसले. माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज वडिलांचा होता. वीस वर्षांनी तो मी ऐकत होतो. ते विचारीत होते, "सर, तुम्ही सांगितले ते सगळे पटले. पण उद्या सकाळी दुकान उघडल्यावर यातले पहिले काय करू, तेवढे सांगा." सभेत थोडे हसू उमटले. वक्ते "अहो, त्याचे असे आहे" एवढे म्हणाले आणि फीत संपली.

उत्तर काय मिळाले होते, ते दादांना आठवेना, मलाही आठवेना. त्यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. पंधरा वर्षांतले ते आमचे पहिले संभाषण. उठताना मी म्हणालो, "दादा, तो हिशेब मी मागायला नको होता." दादा काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट काढून उलटी केली, थोडी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "ही बाजू कोरी आहे. रविवारी ये. बाबांनी दुकान कसे उभे केले ते मी सांगतो, तू भरून घे."

आता दर रविवारी मी जातो. वाटणीच्या काही गोष्टी अजून बोलायच्या राहिल्या आहेत. त्या एका बैठकीत मिटणाऱ्या नाहीत. पण दादा सांगतात, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो आणि त्याबरोबर वहीत लिहितोही. ते थांबले की वडिलांच्या दंडकाप्रमाणे ऐकलेले चार वाक्यांत परत सांगतो. चुकले तर दादा म्हणतात, "परत लाव."

थोरांची व्याख्याने अवश्य ऐकावीत; एवढी सोय आधीच्या कोणत्याच पिढीला नव्हती. मात्र ऐकून झाल्यावर ते भाषण पुढे पाठवण्याआधी वडिलांनी त्या सभेत विचारलेला प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर यातले पहिले काय करू? त्या प्रश्नाचे उत्तर फितीवर नाही, हे बरेच झाले. ते आपल्याच वहीत, नावेच्या बाजूला, आपल्याच हाताने लिहावे लागते.