मांडीत मावेल एवढी

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अगदी तुमच्या मापाची अशी वस्तू कोणती आहे, सांगता येईल? जरा आठवून बघा. ओट्याची उंची ठेकेदाराने ठरवलेली. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टूल हवं. आरामखुर्ची मामंजींच्या मापाची, तिच्यात बसलं की आपले पाय अधांतरी. मला तरी विचार करून करून एकच वस्तू आठवली. लाटणं! ते मात्र आपण दुकानात हातात धरतो, तळव्यावर फिरवून बघतो आणि मगच घेतो. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५३ व्या वर्षी, मी आणखी एक वस्तू अशीच हातात धरून, पारखून घेतली. लहान चणीची गिटार.

हसलात ना? आमच्या शेजारीणबाईही हसल्या. ह्या प्रकारच्या गिटारला ‘पार्लर गिटार’ म्हणतात, असं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “काऊन वो ताई, पार्लर उघडून राहिल्या का घरी?” आता ह्यातलं पार्लर म्हणजे भुवया कोरायचं नव्हे. पार्लर म्हणजे जुन्या युरोप-अमेरिकेतल्या घरांची बैठकीची खोली. तिथे बसून चार माणसांपुरती वाजवायची, म्हणून ती पार्लर गिटार.

आमच्या लहानपणी गिटार म्हटलं की रेडिओवरच्या सिनेमाच्या धुना आठवायच्या. ती हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर शास्त्रीय राग वाजवले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या रेकॉर्डमध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ऐकू येते ती हीच. छातीशी धरून वाजवायची गिटार मात्र माझ्या मनात भरली ती सिनेमामुळे. ‘यादों की बारात’ १९७३ चा. त्यातली गिटार घेऊन गाणारी झीनत अमान मी पुढे टीव्हीवर पाहिली आणि ते वाद्य मनात घर करून राहिलं. पण आमच्या घरी तेव्हा मुलींनी पेटीवर दोन भजनं बसवली की संगीत पुरे झालं, असं समजत. पुढे लग्न, संसार, मुलं. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे.

मुलगा कॉलेजात असताना त्याने एक गिटार घेतली आणि नोकरीसाठी बंगलोरला जाताना ती घरीच ठेवून गेला. एका दुपारी मी ती कपाटावरून उतरवली. माझी उंची जेमतेम पाच फूट. उजवा हात तिच्या पोटावरून पलीकडे टाकायचा तर खांदा कानाला लागायला आला. तारा बघायच्या तर कुंपणावरून शेजारच्या अंगणात डोकवावं तशी मान लांब करायची. दहा मिनिटांत पाठ भरून आली. मी आपली मनाशी म्हटलं, हे काही बायकांचं काम नाही.

पण मग थोडं वाचलं, मुलाला फोनवर विचारलं, तेव्हा कळलं की गिटार काही पहिल्यापासून एवढी दांडगी नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या गिटारी चणीने लहानच असत, आणि त्या वाजवणाऱ्यांत घरातल्या बायका-मुली पुष्कळ. मार्टिन नावाचे जर्मन कारागीर १८३३ साली न्यूयॉर्कला गेले आणि तिथे गिटारी बनवू लागले. त्यांच्या सुरुवातीच्या गिटारीही लहान चणीच्याच. पुढे गाणंबजावणं घरातून मोठ्या सभागृहांत गेलं. बँजो आणि व्हायोलिनच्या गलक्यात गिटारचा आवाज बुडायला लागला आणि मायक्रोफोन काही अजून सगळीकडे पोचलेला नव्हता. म्हणून गिटारचं पोट वाढत गेलं. १९१६ साली मार्टिनच्याच कारखान्यात जी दांडगी गिटार तयार झाली तिचं नाव ‘ड्रेडनॉट’. हे नाव कुठून आलं, माहीत आहे? १९०६ साली पाण्यात उतरलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेचं ते नाव! आज दुकानांत सर्रास टांगलेली दिसते ती ह्याच घाटाची. सांगा बरं, युद्धनौका मांडीवर घेतल्यावर पाठ दुखेल नाही तर काय होईल?

आणि हे माप-बिप सगळं फिरंगी खूळ आहे असंही समजू नका. आपल्या मिरजेचे तंबोरे घ्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते तुम्ही वाचलं असेलच. तिथले कारागीर बायकांच्या उंच पट्टीसाठी लहान तंबोरा करतात आणि पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा. त्यात लहान म्हणून उणा असं कोणी मानत नाही. गळ्याप्रमाणे वाद्य, एवढंच.

त्या वर्षी माझी भिशी निघाली, १२,००० रुपये. मी घरात म्हटलं, मी एक लहान गिटार घेणार आहे. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “घरात एक आहे ना!”

“घरात आहे ना!” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. घरात छत्री आहे ना, घरात घड्याळ आहे ना. ते कुणाचं आहे आणि आपल्याला झेपतं का, हे विचारायची पद्धत नाही. ह्यांच्या मनात वावगं काही नव्हतं, हिशेब सरळ होता. माझा हिशेब निराळा होता, एवढंच. मी म्हटलं, “घरात आहे, पण माझी नाही.” ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले. ती परवानगी समजून मी बर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात गेले.

“मुलासाठी बघताय का, काकू?” “नाही, मला.” दुकानातला पोरगा भला. त्याने आधी बसायला स्टूल दिलं आणि एकेक गिटार मांडीवर ठेवत गेला. मोठीचं पोट सर्वांत रुंद जागी जवळजवळ १६ इंच. मी घेतली तिचं १३ इंच, आणि जाडीलाही ती कमी. तारेची मोकळी लांबी मोठीत साधारण साडेपंचवीस इंच असते, हिच्यात चोवीस. दीड इंचाने काय होतं म्हणाल, तर पुष्कळ होतं. तार आखूड झाली की त्याच सुराला ताण कमी लागतो, म्हणून बोटांना ती कमी टोचते. शिवाय पडदे जवळजवळ येतात, त्यामुळे माझ्यासारखीच्या आखूड बोटांना पल्ला गाठता येतो. आवाज मात्र लहानच. खालचे घुमणारे सूर मोठीइतके भरदार नाहीत, पण मधले सूर कसे स्वच्छ, आणि आपल्या गुणगुणण्याच्या वर चढत नाहीत. पिशवी आणि जादा तारांसकट साडेनऊ हजार झाले.

आता खरं सांगते, ती लहान का हवी होती ते. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. मला क्लासला जायचं तर घर सोडता येत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागतो तो तासभर माझा, पण तोही त्यांच्या हाकेच्या अंतरावर. त्यांचा पलंग आणि कपाट ह्यांच्यामध्ये दोन हातांची जागा आहे. तिथे मोठी गिटार आडवी धरताच येत नाही. ही येते. फोनवर सूर जुळवायचं फुकटचं अ‍ॅप आहे, शिकवणारे व्हिडिओ आहेत. कानात एक बोंडूक घालून मी शिकत गेले.

पहिले तीन आठवडे डाव्या हाताची बोटं हुळहुळली. त्या बोटांनी हिरव्या मिरच्या चिरून बघा म्हणजे कळेल! पुढे बोटांच्या टोकांना घट्टे पडले आणि त्रास थांबला. तीन-चार कॉर्ड बसल्या की पुष्कळशी साधी गाणी वाजवता येतात, हे कळलं त्या दिवशी मी कुकरची शिट्टी मोजायचीच विसरले.

एके दिवशी मी अर्ध्यात थांबले, कारण सासूबाईंनी कूस बदलली. वाटलं, उठवलं त्यांना. तर डोळे मिटूनच म्हणाल्या, “थांबलीस का गं?” मग जरा वेळाने, “माझी पेटी होती माहेरी, अमरावतीला. लग्नात आणायची राहिली.” पन्नास-साठ वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या, ह्यांनाही ठाऊक नव्हतं. मी काय बोलणार? पुढचं गाणं वाजवलं.

मला तेव्हा एलिझाबेथ कॉटन ह्या बाईंची गोष्ट आठवली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबातली ही मुलगी भावाचा बँजो चोरून वाजवायची. भाऊ घर सोडून गेला, बँजोही गेला. मग तिने लोकांकडे घरकाम केलं, पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची स्वतःची गिटार घेतली. तिचं लहान वयात लग्न झालं आणि गिटार सुटली, ती कितीतरी वर्षं. उतारवयात सीगर नावाच्या संगीतप्रेमी कुटुंबात ती घरकामाला होती, तिथे भिंतीवरची गिटार पुन्हा हातात घेतली. बोटं विसरलेली नव्हती! तिची पहिली लाँगप्ले निघाली १९५८ साली, साठी उलटल्यावर, आणि ग्रॅमी पुरस्कार मिळाला १९८५ साली, नव्वदी उलटल्यावर. आपल्याला पुरस्कार नकोच आहेत. पण भावाचा बँजो भावाबरोबर जातो, हे तिला लहानपणीच कळलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण गेल्या दिवाळीत मुलगा आला, माझी गिटार वाजवून बघितली आणि म्हणाला, “आई, ही मी नेतो. प्रवासात बरी पडेल. तू माझी मोठी वापर ना, घरात आहेच.” त्याने अगदी प्रेमाने मागितलं. आजवर त्याने मागितलं आणि मी दिलं नाही असं झालेलं नाही. ताटातली शेवटची करंजी आपण उचलून मुलाला देतोच की. माझ्या तोंडून ‘ने की’ निघणारच होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “तिची आहे ती.”

मी म्हटलं, “नाही रे राजा. तुझ्यासाठी आपण दुसरी बघू, पण ही माझी.” तो क्षणभर गप्प झाला, मग हसला. आकाश काही कोसळलं नाही. रात्री मात्र मला झोप लागेना. इतक्या साध्या ‘नाही’ने एवढं धडधडावं? सकाळी तो मला नवी कॉर्ड शिकवत बसला होता.

घेणार असाल तर आपल्या नागपूरच्या हवेपुरतं दोन शब्द. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि लाकूड आकसतं. त्यात कूलरची ओली झुळूक लागली की तेच लाकूड फुगतं. हे खाली-वर फार वाईट, गिटारला तडा जाऊ शकतो. म्हणून ती कूलरसमोर नको, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर नको, बंद मोटारीत तर नकोच नको. वाजवून झाली की पिशवीत. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती डबी पिशवीत ठेवा, पाणी मात्र ठिबकता कामा नये. अखंड लाकडाच्या गिटारपेक्षा प्लायवूडची गिटार आपली हवा जास्त सोसते आणि स्वस्तही पडते. वाजवण्याआधी उजव्या हातातल्या बांगड्या काढा किंवा वर सारा, नाहीतर पॉलिशवर ओरखडे उठतात. पदराची पिन आणि मंगळसूत्र मागच्या बाजूला घासतं, तिथे जुन्या सुती साडीचा तुकडा घाला. त्याच तुकड्याने शेवटी तारा पुसा, गंज लवकर धरत नाही. डाव्या हाताची नखं कापलेली हवीत. आणि हो, नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारला पोलादी तारा कधी लावू नका, त्यांच्या ताणाने घोडी उखडते.

तुमची वस्तू गिटारच असावी असं मी म्हणत नाही. कुणाची सायकल असेल, कुणाची लिहायची चौरंगी. दुकानात ती मांडीवर, हातात, पायाखाली घेऊन बघा, आणि कुणी ‘मुलासाठी का?’ विचारलं तर ‘मला’ म्हणा. माझं म्हणाल तर आता अडीच वाजलेत. सासूबाई उठायला अजून वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात एक गाणं होतं.