सोयाबीन गेलं तेव्हा

सप्टेंबर २०२५ मध्ये पाऊस थांबायचं नाव घेईना. महिना संपता संपता वरून जायकवाडीचं पाणी सुटलं, गोदावरी फुगली. आमच्या चुडाव्याच्या रानात गुडघ्याएवढं पाणी. काढणीला आलेल्या सोयाबीनला झाडावरच कोंब फुटले. शेंग दाबली की बोटाला काळं पाणी लागायचं, वास यायचा.

पंचनामा झाला. फार्मर आयडी आधीच काढलेला होता, म्हणून धावपळ वाचली. कुणाचा राहिला असेल तर सुगीची वाट बघू नका.

पण घरातलं बोलणं बंद झालं. हे रात्र रात्र ओसरीवर बसून राहायचे. मीही आत जागीच असायची. एका सकाळी फवारणीच्या औषधाचा डबा उचलला आणि जावेच्या घरी कुलपात ठेवला. यांना सांगितलं नाही. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर हे आधी करा. मन मोकळं करायला टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही लिहून ठेवा. फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात.

आत्याबाईंनी मात्र आपला नेम सोडला नाही. सकाळी सचखंड एक्सप्रेस गावावरून गेली की त्या हाक मारायच्या, "गाडी गेली, चहा ठेव." दूध डेअरीला जायचं, म्हणून चहा कोराच, गुळाचा. पण सगळ्यांनी ओसरीवर यायचं, एकत्र बसायचं. पहिले काही दिवस हे कप हातात धरून नुसते बसायचे. मग शेजारचे काका येऊ लागले. ते रोज गाडीला उशीर किती झाला याचा हिशोब सांगायचे. एकदा त्यावरून दोघांत वाद झाला आणि हे हसले. मला उगाच रडू आलं, मी चुलीपाशी गेले.

वापसा आल्यावर ज्वारी पेरली, परभणी मोती. उशीर झाला होता, पण जमिनीत ओल भरपूर होती. संक्रांतीनंतर कणसं हुरड्याला आली. बांधावर गोवऱ्यांचा आर केला. आत्याबाई गरम कणीस तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून कोंडा उडवायच्या आणि पहिला घास यांच्या हातावर ठेवायच्या. सोबत तिळाची चटणी. काका आले, जाऊबाईंची पोरं आली, दुपार तिथेच गेली.

सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. औषधाचा डबाही जावेच्याच घरी आहे. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणते, उरलेलं त्याच संध्याकाळी परत नेऊन ठेवते.