आत्यांना घेऊन पांढुर्णा–सौंसर

प्रवासास निघताना आपण गाडीचे वेळापत्रक पाहतो, पैशांचा हिशेब करतो, थंडीचे कपडे बांधून घेतो. पायऱ्या मात्र कोणी मोजत नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या आत्यांना चाकाच्या खुर्चीतून त्यांच्या माहेरी, सौंसरला, नेण्याचा योग आला. तेव्हापासून कोणतीही इमारत समोर आली की आम्हांस प्रथम तिच्या पायऱ्याच दिसतात. घरात वडीलधारी मंडळी असलेल्या वाचकांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भोपाळला आमच्याकडेच असतात. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण चालणे काही परत आले नाही. त्यानंतर लग्न नाही, मुंज नाही, गणपतीची आरतीसुद्धा नाही. विचारावे तर कधी थंडीचे निमित्त, कधी औषधांचे. खरे कारण त्यांनी एकदा दिवेलागणीला सांगितले, ‘‘चौघे मिळून मला गादीसारखी उचलता रे! पदर कुठे, पाय कुठे. त्यापेक्षा घर बरे.’’ आणि पुढे काही दिवसांनी आपणहून म्हणाल्या, ‘‘जामसावळीचा मारुती एकदा पाहायचा आहे. पण जाईन ती माझ्या खुर्चीवरून.’’

ही अट ऐकून आम्ही सुताराकडे गेलो. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे साधे गणित असे, की एक इंच चढायचा तर बारा इंच लांबी हवी. म्हणजे चार इंचांच्या उंबऱ्याला चार फुटांची फळी लागते. आम्ही तेवढीच फळी करून घेतली आणि चाके बाजूला घसरू नयेत म्हणून तिच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकून घेतल्या. ती पाहून मुलांना हसू आले. परत येईपर्यंत ते हसू मावळले होते.

भोपाळहून इटारसी, बैतूल, आमला, मुलताई करीत गाडी पांढुर्ण्यास येते. साठीपुढील पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढील स्त्रियांना उपलब्धतेनुसार खालचा बाक मिळतो. तिकीट काढताना वय अचूक लिहिणे म्हणूनच अगत्याचे. सोबतीवाचून प्रवास करू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीस रेल्वेचे प्रमाणपत्र असल्यास तिच्या आणि सोबत्याच्या भाड्यातही सवलत आहे. डब्याची जमीन मात्र फलाटापेक्षा बरीच उंच असते. तेथे आमच्या फळीचा उपयोग नव्हता. आत्यांनी दांडी धरली, दुसरा हात आमच्या खांद्यावर ठेवला आणि दम घेत घेत त्या दोन पायऱ्या चढल्या. वेळ लागला खरा, पण चढल्या त्या स्वतः.

पांढुर्ण्यास पाऊल ठेवले की परमुलुखात आल्यासारखे वाटत नाही. दुकानांवरच्या पाट्या हिंदी, आणि दुकानातील घासाघीस मराठी! पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला हा प्रदेश. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसरचा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. सीमा बदलल्या तरी बोली हलली नाही. ‘‘काहून जी, कोठून आले?’’ असे एका संत्रीवालीने विचारताच आत्यांच्या तोंडी वऱ्हाडी ढंगाचे असे काही बोल आले, की ते आमच्या भोपाळच्या घरात कधी ऐकल्याचे आम्हांस स्मरत नाही.

मुक्कामाची कथा मात्र सुखाची नाही. एका लॉजवाल्यास आम्ही दूरध्वनीवरून विचारले होते, ‘‘खालची खोली आहे ना?’’ त्याने ‘‘आहे’’ म्हटले, आणि ते खोटे नव्हते. पण खालच्या खोलीकडे जाण्यास बाहेर तीन पायऱ्या होत्या, आणि संडासाचे दार बावीस इंचांचे. आमची खुर्ची पंचवीस इंच रुंद! रात्री जेवणाचे ताट समोर आले. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, पाटवडीचा रस्सा, सगळे आत्यांच्या आवडीचे. खुर्चीचे हात टेबलाखाली जाईनात, म्हणून त्यांनी ताट मांडीवर घेतले. त्या जेवल्या बेताच्याच, आणि पाण्याच्या पेल्याला त्यांनी हातही लावला नाही.

सकाळी ओठ सुकलेले पाहून आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘पाणी प्यायले की जावे लागते. मग तुमची झोप मोडायची आणि माझी लाज जायची.’’ सायंकाळपासून त्या तहानलेल्या होत्या, आणि आम्ही शेजारच्या खाटेवर स्वस्थ झोपलो होतो. वाचकहो, ही गोष्ट आम्हांस फार लागली. दाराच्या तीन इंचांपायी एका वृद्धेने रात्रभर तहान सोसावी, आणि ती आपल्याला कळूही नये!

त्याच दिवशी आम्ही मोटार करून सौंसर गाठले. आत्यांचे माहेरचे घर केव्हाच विकले गेले आहे; पण शेजारच्या घरी त्यांची बालमैत्रीण आहे. त्यांच्या अंगणातील न्हाणीघराचे दार रुंद निघाले. मध्ये बसकी लाकडी खुर्ची ठेवली, भिंतीला दोर बांधला आणि प्रश्न सुटला. दुपारी तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकर झाली, वर संत्री. आत्या पोटभर जेवल्या आणि दोन पेले पाणी प्यायल्या. आम्ही ते मोजले, हे त्यांना ठाऊक नाही.

ओट्यावर चढण्याच्या वेळी मात्र गंमत झाली. खुर्ची दिसताच गल्लीतील चार तरुण धावले. ‘‘फळी काहून काढता जी? आमी आहो नं उचलाले!’’ त्यांच्या मायेविषयी शंका नव्हती. आत्या हसून म्हणाल्या, ‘‘बाबांनो, तुम्ही उचलाल तेव्हा मी येईन. फळी असली तर मला वाटेल तेव्हा येईन.’’ पोरे क्षणभर गप्प झाली. मग त्यांतल्या एकाने फळीचे टोक धरले आणि दुसऱ्याने खालच्या टोकाशी वीट लावली. खालची पायरी बेताचीच होती. आत्यांनी चाके आपल्या हातांनी फिरवली. आम्ही मागून फक्त आधार दिला.

जामसावळी सौंसरपासून जवळच, जाम नदीच्या काठी आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे मोठी दाटी होते, म्हणून आम्ही बुधवारची सकाळ धरली. आमच्यापैकी एकाने आधी पुढे जाऊन वाट पाहून ठेवली. येथला मारुती उभा नाही. पिंपळाखाली पहुडलेला आहे. मूर्ती पूर्वी उभी होती, पण तिच्याखालचे धन उकरू पाहणाऱ्यांना आवर घालण्यासाठी देव आडवा झाला, अशी कथा सांगतात. आत्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘याला कोणी ऊठ म्हणत नाही हो!’’ आम्हांस हसू आले, आणि लगेच ते घशात अडकले.

मंदिराच्या परिसरात ‘हनुमान लोक’ उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन २०२३ साली झाले. अशी मोठी कामे होतात तेव्हा उतार, रुंद दारे आणि खुर्ची वळेल एवढे स्वच्छतागृह नकाशातच आले पाहिजे. मागाहून ते महागही पडते आणि ओबडधोबडही होते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती जबाबदारी घातली आहे, आणि याविषयीचे किमान नियम ऐच्छिक न राहता बंधनकारक असावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ‘खोली खालची आहे का’ एवढे विचारून थांबू नये. रस्त्यापासून खाटेपर्यंत पायऱ्या किती आणि संडासाचे दार किती इंच, हे विचारावे, आणि समोरच्यास टेप लावून मोजावयास सांगावे. जेवणाची खोली माडीवर तर नाही ना, हेही पाहावे. मोटारीत खुर्ची घडी करून मागे राहील की नाही, हे आधीच पाहावे. हवा थंडीची बरी. तेव्हा संत्रीही असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीत गोटमार होते. त्या दिवशी दगडांचा वर्षाव आणि लोटलेली गर्दी असते. खुर्ची घेऊन तिकडे फिरकू नये.

निघण्याच्या दिवशी आत्यांची मैत्रीण ओट्याच्या कडेशी बसून होत्या. त्यांचेही गुडघे गेलेले. घरात जुनी चाकाची खुर्ची आहे, पण वर्षभर त्या ओटा उतरलेल्या नाहीत, हे तेव्हा कळले. आत्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोलण्याच्या आतच मुलांनी मोटारीच्या टपावर बांधलेली फळी सोडली आणि ओट्याला लावून दिली.

भोपाळला परतल्यावर आम्ही दुसरी फळी करावयास टाकली आहे. फाल्गुनात पुतणीचे लग्न आहे, आणि आत्यांनी होकार कळवला आहे.