नफका म्हणजे खैरात नव्हे

आमच्या बहिणीचा तलाक झाला तेव्हा भाची सात वर्षांची होती आणि भाचा चार. तिघे खामगावला माहेरी आले. कोर्टाने मुलांची पोटगी ठरवून दिली. बापाने तीन महिने पैसे पाठवले, मग शहर बदलले आणि फोन नंबरही. "सबर करा, देणारा अल्लाह आहे," असे नातलग सांगू लागले. सबर आम्ही करतच होतो, पण शाळेची फी आणि किराणा थांबत नव्हता.

मुलांचा खर्च बापावर आहे, हे आपल्या घरांत नव्याने सांगायला नको. सूरह बकराची 233 वी आयत तर दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचीही जबाबदारी बापावर टाकते. देशाचा कायदाही मुलांच्या बाजूने आहे. नूर सबा खातून खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, 1986 च्या मुस्लिम महिला कायद्यामुळे मुलांचा पोटगीचा हक्क कमी होत नाही. तेव्हाचे कलम 125 आता नव्या संहितेत कलम 144 आहे.

मात्र हुकूम मिळाला म्हणून वसुली आपोआप होत नाही. रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर त्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. वॉरंटनंतरही पैसे भरले नाहीत, तर दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगून देणे फिटत नाही. बाप परगावी असला तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडूनही अंमलबजावणी करून घेता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो.

"पोरांच्या बापाला जेलात घालता का?" असे आम्हाला भर लग्नात विचारले गेले. अम्मीलाही ते लागले. पण बहीण म्हणाली, "मी माझ्यासाठी मागत नाही. लेकरांचे आहे, ते मी कसे माफ करू?" त्यावर घरात कोणी बोलले नाही. आम्ही अर्ज दिला. वॉरंट निघाल्यावर निम्मी थकबाकी जमा झाली, बाकीच्यासाठी तारखा चालू आहेत.

निकाहाच्या वेळी मेहर किती, हे जमातीचे चार लोक साक्षीने लिहून घेतात. तलाकनंतर मुलांचा नफका पोहोचतो की नाही, हेही त्याच चौघांनी दर महिन्याला बापाला विचारावे. तेवढे झाले तरी कितीतरी माऊल्यांची कोर्टाची पायरी चुकेल.