चौविहार आणि आठ तासांचे औषध

चातुर्मासात मातोश्रींना जंतुसंसर्गाचा ताप आला. डॉक्टरांनी दर 8 तासांनी अमॉक्सिसिलिन लिहिले. म्हणजे एक मात्रा सूर्यास्तानंतरच येणार, आणि त्यांचा चौविहार 30 वर्षांचा! ‘रात्रीची गाळते,’ त्या म्हणाल्या. परंतु मात्रा गाळली की रक्तातील औषध उणे पडते व जंतू तग धरतात. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वीच आम्ही डॉक्टरांना नियम सांगितला. त्यांनी दिवसातून एकदाच घ्यावयाचे अझिथ्रोमायसिन दिले. कॅप्सूलऐवजी गोळी मागितल्याने जिलेटिनची शंकाही मिटली. नवकारशी पारल्यावर, सांगितलेले दिवस पुरे होईतो, मातोश्रींनी ती नेमाने घेतली. असा पर्याय नसेल, तर प्रत्याख्यानात आगार असतात, गुरुमहाराजांना विचारावे. डॉक्टरांपासून नियम लपवून मात्रा गाळण्यात मात्र ना व्रताचे रक्षण, ना देहाचे.